दादाचं पुकाऱ्याचं मशीन

आवाज फाटतो म्हणजे काय, हे मला तीस वर्षांत कुणाला विचारावं लागलं नव्हतं. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात माझं दुकान आहे. भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर, देवळांचे भोंगे, लग्नात साउंड लावणाऱ्यांचे जळके डबे, सगळं माझ्याकडे येतं. गिऱ्हाईक म्हणतं, "राव, फाटतंय," मी भोंग्याला कान लावतो, दोन बटणं फिरवतो आणि काय गेलंय ते सांगतो. मोजायची वेळ कधी आलीच नाही. आकडे घेऊन बसणाऱ्यांची मला चीडच होती, खरं सांगायचं तर. ज्याला कान नाही त्याने मोजावं, असं मी दुकानात बसून मोठ्या तोंडाने म्हणायचो.

ती सगळी मस्ती दादाच्या घशाने उतरवली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही डिंगोऱ्याचे, तो अजून तिथल्या घरीच राहतो. आळेफाट्याकडच्या एका भाजीबाजारात तो लिलाव पुकारायचा. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग लागतात, व्यापारी ढिगाभोवती गोळा होतात आणि पुकारणारा एका दमात भाव चढवत नेतो. पुकारणाऱ्याच्या तोंडून 'तीन वार' निघालं की सौदा झाला, मग कुणाचा बाप आला तरी फिरत नाही. दादाचा आवाज फाटकापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत जायचा. बाया-माणसं टेम्पोतून उतरता उतरता सांगायची, "आमचा ढीग त्यांच्याकडंच लावा." त्याच्या पुकाऱ्याने व्यापाऱ्याला चेव यायचा, दोन पैसे जास्त सुटायचे. घरी मात्र तो फार बोलायचा नाही. सगळं बोलणं बाजारात संपवून यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, मग किरणांची लाईट दिली. गाठ गेली, जीव वाचला, पण तिच्याबरोबर एक स्वरतंतूही काढावा लागला. डॉक्टर भले होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "बोलता येईल, ओरडता येणार नाही." दादाच्या तोंडून त्यानंतर जे यायचं ते अर्धं वारं आणि अर्धं खरखर. जवळ बसलं तर कळायचं. पाच हातांवर गेलं की संपलं.

घरी आल्यावर तो ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. माणसं भेटायला यायची, त्यांना पाठ दिसायची. वहिनी ताट वाढून ठेवायची आणि ते तसंच उचलायची. मी रविवारी जायचो, शेजारी बसायचो, आणि परत येताना गाडीवर मला रडू यायचं. माझ्या वयाच्या माणसाने असं सांगू नये, पण यायचं.

त्यात एकच आशा होती. ज्या आडत्याकडे दादा पुकारायचा ते शेठ मनाने मोठे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. ते घरी येऊन म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुमची जागा मी कुणाला देत नाही. आवाजाचं काय होतंय बघा." दादाने मान हलवली. आणि मी, शहाणा, लगेच म्हणालो, "शेठ, डॉक्टर म्हणतात ओरडता येणार नाही. ओरडायचं काम माझ्याकडे द्या ना."

मग मी मशीन बनवलं. कमरेला बांधायचा डबा, आत बॅटरी आणि ॲम्प्लिफायर, तोंडासमोर बारका माइक, खांद्याला एक छोटा भोंगा. हजार डबे बनवले असतील, पण असा जीव ओतून एकही नाही. डिंगोऱ्याच्या अंगणात दादाला ते बांधलं आणि वहिनीला गोठ्याजवळ उभं केलं. दादा पुकारला. आवाज मोठा आला, कोंबड्या पळाल्या. पण वहिनी तिकडून म्हणाली, "ऐकाया येतंय, पर काय म्हणत्यात ते न्हाई कळत."

दादाने पुन्हा केलं. तेच. मग तो माझ्याकडे वळला आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाला, "बारक्या, तुझं मशीन फाटतंय."

मला राग यायला हवा होता. माझ्या मशीनला कुणी असं म्हटलं तर मी त्याला दुकानातून हाकलतो. त्या दिवशी मात्र मला बरं वाटलं. मशीन फाटतंय म्हणजे मशीन नीट करायचं. मशीन नीट करणं मला येतं.

अडचण एवढीच की कानाने काही कळेना. दादाचा आवाज मुळातच खरखरीत. त्यात मशीनची खरखर किती आणि घशाची किती, हे कुठला कान सांगणार? तेव्हा मी आकड्यांपुढे गुडघे टेकले. मुलीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घेतला, बाहेरून जोडायचं एक साउंड कार्ड मागवलं, फुकटचं एक सॉफ्टवेअर उतरवलं आणि मोजायला शिकलो. युक्ती सोपी आहे. कॉम्प्युटरने एकच शुद्ध सूर काढायचा, शिट्टीसारखा. तो ॲम्प्लिफायरमधून न्यायचा आणि परत कॉम्प्युटरमध्ये आणायचा. पडद्यावर एक उंच काडी दिसते, तो आपला सूर. ॲम्प्लिफायरने पदरचं काही घातलं असेल तर त्याच्या उजवीकडे दुप्पट, तिप्पट, चौपट सुरांच्या बारक्या काड्या उगवतात. त्या सगळ्या मिळून मूळ काडीच्या किती टक्के, तो फाटण्याचा आकडा. भोंगा लावला तर बोळातली माणसं वेडी होतील, म्हणून भोंग्याच्या जागी मोठा रेझिस्टर लावला आणि तो तापतो म्हणून वाटीभर पाण्यात बुडवून ठेवला. बायको म्हणाली, "आता वायरी उकडून खाता काय?"

पहिला आकडा आला, नऊ टक्के.

चांगला ॲम्प्लिफायर एक टक्क्याच्या कितीतरी खाली असतो. नऊ म्हणजे चिंधड्या. मी आयुष्यात स्वतःच्या कामातली खोट बघून इतका खूश झालो नव्हतो. दादाला फोन केला. "दादा, नऊ टक्के खराबी निघाली मशीनमध्ये. तुझा घसा नाही, मशीनच आहे." पलीकडून नुसतं वारं आलं. तो हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळच्या एसटीने जुन्नरला यायला लागला. ओट्यावरचा माणूस उठला, ही केवढी गोष्ट. दाढी करून, टोपी घालून यायचा, माझ्या शेजारी स्टुलावर बसायचा आणि पडद्याकडे बघायचा. आठ दिवसांत त्याला त्या काड्या माझ्याइतक्या वाचता यायला लागल्या. "तिसरी काडी अजून उभी हाये की," असं माझ्या कानाशी म्हणायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, दोघं भाऊ टीव्ही बघतायत. वहिनी भाकरी बांधून द्यायची, आम्ही दुपारी दुकानातच जेवायचो. तो पूर्वीसारखा दोन भाकऱ्या खायला लागला होता.

मी सर्किट बदललं. आकडा सहावर आला. मशीनची आवाज वाढवण्याची ताकद जरा कमी केली, चारवर आला. चिप बदलली, कंडेन्सर बदलले, आणखी कमी केलं, अडीचवर आला. प्रत्येक वेळी दादा माइक लावून पुकारायचा, बोळाच्या तोंडाशी मी उभा राहायचो. आणि प्रत्येक वेळी तेच. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. तो विचारायचा, "आता?" मी म्हणायचो, "आधीपेक्षा बरंय." नव्हतं बरं. अडीच टक्के उरलेत ना, मी मनाला सांगायचो, तेवढेच गेले की झालं.

गणपती आले आणि गेले. मंडळांची कामं मी परत पाठवली. एका मंडळाच्या पोरांना तर इतकं तोडून बोललो की ती आजही माझ्या दुकानाची पायरी चढत नाहीत. नवरात्र आलं. शेठचा निरोप आला, घाई नाही, पण दिवाळी आली हो. मला झोप लागायची नाही. डोळे मिटले की काड्या दिसायच्या.

एक दिवस दादा तपासणीसाठी पुण्याला गेला होता. मी एकटाच होतो. एका भजनी मंडळाचा चांगल्या कंपनीचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला होता, नुसती वायर तुटलेला. त्या डब्याचा आवाज मला पाठ आहे, आरशासारखा स्वच्छ. सहज म्हणून तो मोजायला लावला. आकडा आला अकरा टक्के.

मी डोक्याला हात लावला. हा डबा अकरा टक्के असूच शकत नाही. मग खोट कुठे? वायरी तपासल्या, पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. शेवटी सॉफ्टवेअरबरोबर आलेलं माहितीचं पान उघडलं, जे पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. पण आपल्याला वाचायची सवय कुठे, आपण तीस वर्षांचे उस्ताद. त्यात पहिल्याच परिच्छेदात होतं की ॲम्प्लिफायरची वायर थेट साउंड कार्डात घालू नका. कार्डाला एवढा जोर सोसत नाही, ते स्वतःच फाटतं. मधे दोन रेझिस्टर लावून जोर उतरवा, मग मोजा.

म्हणजे चार महिने मी मोजत होतो ते कार्डाचं फाटणं. मी ताकद कमी करत गेलो, कार्डावरचा जोर कमी होत गेला, म्हणून आकडा उतरत गेला. मशीनचा त्यात काही संबंधच नव्हता.

दोन रेझिस्टर लावले. चहाच्या एका कपाच्या पैशांत असे वीस येतील. दादासाठी बनवलेलं पहिलं सर्किट मी फेकलं नव्हतं, ते काढलं, जोडलं. एक उंच काडी आणि उजवीकडे सगळं सपाट. शून्य पूर्णांक शून्य चार टक्के. तीस वर्षांत माझ्या हातून इतकं साफ मशीन झालं नसेल.

पहिल्या दिवसापासून मशीन साफ होतं.

 तरी मन मानेना, म्हणून आणखी एक केलं. दादाचं बोलणं मी त्या कार्डातून रेकॉर्ड करून ठेवलं होतं, मशीन न लावता, नुसता माइक. ते पडद्यावर लावलं. मोबाइलमध्ये त्याच्या जुन्या पुकाऱ्याचा एक व्हिडिओ होता, तोही लावला. जुन्या आवाजात काड्याच काड्या, एकीला एक धरून, फणीच्या दात्यांसारख्या. आत्ताच्या आवाजात एकही काडी नाही. नुसतं गवत. त्याला कितीही मोठं केलं तरी मोठं गवतच होणार. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. मला स्वतःला थोबाडावंसं वाटत होतं. चूक केली म्हणून नाही, चूक सापडली म्हणून. न सापडती तर अजून अडीच टक्क्यांची आशा होती.

दुसऱ्या दिवशी दादा आला. तपासणीत सगळं ठीक निघालं होतं, तो खुशीत होता. मला खरं सांगायचं होतं. शप्पथ सांगतो, वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण तो स्टुलावर बसला, टोपी मांडीवर ठेवली आणि पडद्याकडे बोट करून भुवई उडवली. आज किती? मी जुनं सर्किट लावलं आणि म्हणालो, "झालं, दादा. काल रात्री जमलं." त्याने बराच वेळ पडद्याकडे बघितलं. नुसत्या एका काडीकडे. मग माइक लावून हळूच दोन-तीन भाव पुकारले. भोंग्यातून तीच वाऱ्याची खरखर बाहेर पडली. त्याने माइक काढला. मग म्हणाला, "शेठला कळव. येतो म्हणावं."

मी शेठला फोन लावला.

बाजारात त्या दिवशी गर्दी होती. दादाला बघून हमाल धावले, कुणी पाया पडलं, कुणी पाठीवर हात फिरवला. शेठने स्वतः त्याला ढिगापाशी नेलं. मी डबा बांधला, माइक तोंडासमोर आणला. दादा मेथीच्या पहिल्या ढिगापाशी उभा राहिला आणि पुकारायला लागला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी कुणाच्या तरी अंगावर गेलो असतो. व्यापारी दोन पावलं पुढे सरकले, मान तिरकी करून ऐकायला लागले. एकाने बोट वर केलं, दुसऱ्याने त्याच्याकडे बघितलं, किती झाले? दादा पुन्हा पुकारला. ते एकमेकांत विचारत राहिले. पहिला ढीग कसाबसा गेला, स्वस्तात गेला. दुसराही तसाच. तिसरा ढीग आंबेगावकडून आलेल्या एका बाईचा होता, कोथिंबीर, ताजी, मुळांना अजून माती. ती शेठजवळ गेली आणि खाली बघत हळू बोलली, पण मी शेजारीच होतो. "शेठ, राग नका धरू. माझा माल दुसऱ्याच्या तोंडून पुकारा. घरी हिशोब सांगाया लागतो मला."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. तरी त्या क्षणी मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली होती.

दादाने ते बघितलं. ऐकू आलं असेल-नसेल, कळलं मात्र. तो माझ्याकडे वळला आणि माइक तोंडासमोर तसाच ठेवून, सगळ्या बाजाराला जाईल असं म्हणाला, "बारक्या, फाटतंय का रं?"

एवढं एक वाक्य सगळ्यांना कळलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "फाटतंय, दादा. मशीनच खराब निघालं. माझ्या हातून चुकलंय."

मग काय विचारता. बाजाराच्या छातीवरचा धोंडाच उतरला. व्यापारी मोकळे झाले, हमाल मोकळे झाले, सगळे मला बोलायला लागले. "पावणं, भावाचं तरी नीट करायचं." "तरीच म्हटलं, गडी तर जोरात हाये, मशीनच घाण करतंय." एक म्हातारा म्हणाला, "जुन्नरात दुसरा कोणी न्हाई का कारागीर?" मी मान खाली घालून ऐकत राहिलो. शेठने दादाच्या खांद्यावर हात ठेवला, "दुरुस्त करून घ्या. तोवर दुसऱ्याला उभा करतो." दादाने डबा सोडून माझ्या हातात दिला. त्या कोथिंबिरीच्या ढिगापाशी दुसरा पुकारणारा उभा राहिला आणि आम्ही फाटकाबाहेर आलो.

गाडीवर तो मागे बसला होता. काही बोलला असता तरी वाऱ्यात मला काय कळणार. ओतूर गेल्यावर त्याने पाठीवर थाप मारली, मी एका टपरीपाशी गाडी लावली. चहा आला. तो माझ्या कानाशी वाकला.

"शून्य शून्य चार व्हतं," तो म्हणाला. "मला बी वाचाया येतं आता."

मी काहीतरी बोलायला गेलो, त्याने हाताने थांबवलं. "तू लई चांगलं बनवलंस. तिथं बोलणी खाल्लीस माझ्यापायी." मग म्हणाला, "घरी तुझ्या वहिनीला मशीनच सांग. दुसरं काय बी सांगू नको. तिनं आशा लावलीय." मी हो म्हणालो. तिथेच, टपरीवर, चार माणसांत, मी त्याचा हात धरून रडलो. तो चहा पीत राहिला.

घरी वहिनी दारातच होती. मी डबा दाखवला. "मशीन फाटतंय, वहिनी. नीट करून आणतो." तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पाणी आणायला आत गेली.

त्याला आता वर्ष झालं. शेठने जागा दुसऱ्याला दिली, देणारच होते. डबा माझ्या दुकानात टेबलावर उघडा पडलेला आहे, स्क्रू बाजूला काढून ठेवलेले, म्हणजे कुणी आलं तर काम चालू दिसावं. दादा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येतो, स्टुलावर बसतो, पडद्याकडे बघत नाही. आम्ही भाकरी खातो. बाकीचे दिवस तो पुन्हा त्या ओट्यावर असतो. मी काय करू, मला सुचत नाही. माझ्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि हे मी कुणाला सांगू शकत नाही.

मागच्या रविवारी मी डिंगोऱ्याला गेलो होतो. दादा रानात पाणी द्यायला गेला होता. वहिनी जवळ येऊन उभी राहिली. आजवर तिने मला मशीनचं एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती दाराकडे बघत म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी अंगणातच मला कळलं व्हतं, मशीनचं न्हाई, घशाचंच हाये ते. नवऱ्याचा आवाज वळखत न्हाई व्हय मी? पर ते मशीन नीट झालं आसं त्यान्ला कदी सांगू नका. त्येंचा जीव त्याच्यावरच हाये."

मी बरं म्हणालो.